पंक बँडमधला माणूस बदलताना

पंक म्हणजे वेगवान, रांगडं रॉक. अशा बँडमधला एक जण बाहेर पडला की सगळ्यांची धावपळ सुरू होते ती नव्या माणसासाठी. ती आठवडाभर लांबली तरी चालेल. जाणारा कोल्हापुरात आहे तोवर त्याच्या हातात आणि डोक्यात असलेलं सगळं काढून घ्या. एकदा पुण्या-बेंगळुरूला नोकरीवर रुजू झाला की फोनवर एवढंच ऐकायला मिळतं, ‘रेकॉर्डवर ऐक की भावा, तसंच आहे.’ आणि ते तसं कधीच नसतं. रेकॉर्डवर १७६ बीपीएमचं (मिनिटाला १७६ ठोक्यांचं) गाणं स्टेजवर चढत चढत १९०ला गेलेलं असतं, शेवटचा कोरस दोनाचा चार झालेला असतो.

म्हणून प्रत्येक गाण्याला वहीचं एक पान द्या. त्यावर स्टेजवरचा बीपीएम, ट्यूनिंग (गायकाच्या गळ्यासाठी अर्धा सूर खाली असेल तर तसं), मोजणी (गाणं सुरू करणारं ‘एक-दोन-तीन-चार’) कोण देतो, कोणत्या ओळीनंतर थांबायचं आणि गाणं संपतं कसं, एवढं लिहा. शेवट सर्वात नीट लिहा, कारण नवा माणूस सुरुवात पाठ करून येतो आणि अडकतो शेवटाला. मोबाईल स्टँडला लावून जाणाऱ्याचा अख्खा सेट, म्हणजे कार्यक्रमातली सगळी गाणी ओळीने, शूट करा. ड्रमर असेल तर दोन कॅमेरे लावा, एक हातांवर आणि एक किकच्या (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) पायावर. पायाचं शूटिंग राहिलं, तर बेसिस्टने कुठे ठोकायचं हे पुढचे दोन महिने कळत नाही.

बाहेर शोधण्याआधी घरात बघा. ब्लॅक फ्लॅग या अमेरिकन पंक बँडने १९८१ मध्ये गायक डेझ कडेनाला गिटारवर घेतलं आणि माईक हेन्री रोलिन्सच्या हाती दिला. जुना माणूस गाण्यांसकट बँडमध्येच राहिला. ही सोय होत असेल तर आधी करा.

बाहेरूनच घ्यायचा असेल, तर कोल्हापुरात ड्रमरचा तुटवडा नाही. बेंजो पार्टीत वाजवणारी, हलगीवर हात बसलेली पोरं पेठापेठांत आहेत. मनगटात वेग आणि दम दोन्ही असतो. कमी पडतो तो पाय, कारण हलगीला पेडल नसतं. दुसरी अडचण अशी की हात दमला की ठेका आपोआप झुलायला लागतो, सहाच्या चालीत जातो. पंकला सरळ आठ लागतात, म्हणजे चार ठोक्यांत प्रत्येकी दोन सारखे फटके. निवडताना सोलो ऐकू नका. दोन-दोन मिनिटांची तीन गाणी मध्ये न थांबता वाजवायला लावा आणि तिसऱ्यात हाय-हॅट (पेडलवरची झांजांची जोडी) ऐका. तिथे ठोके विरळ झाले तर तयारीला तीन महिने धरा. गणपती-नवरात्रात ही पोरं सुपाऱ्यांत अडकलेली असतात, तेव्हा बदल त्या दिवसांत ठेवू नका.

गिटारवाल्याची परीक्षा उजव्या हाताची घ्या. १९०ला आठाचे सगळे स्ट्रोक खालीच मारायचे म्हणजे मिनिटाला ३८० फटके. बरेच जण दमून वर-खाली मारू लागतात. सूर बरोबर असतात, पण आवाजातली धार जाते. दम हळूहळू वाढतो: १६० पासून सुरू करा, आठवड्याला पाच-पाच वाढवा.

नावाजलेला वादक मिळाला म्हणजे काम झालं, असं समजू नका. रामोन्स या अमेरिकन पंक बँडमध्ये १९७४ ते १९९६ जॉनीची गिटार आणि जोईचा गळा कायम राहिला, ड्रमवर टॉमी, मार्की, रिची अशी माणसं बदलली. १९८७ मध्ये ब्लाँडी या नावाजलेल्या बँडचा ड्रमर क्लेम बर्क आला आणि दोन कार्यक्रमांत गेला. मग मार्कीलाच परत बोलावलं. बर्क कसलेला ड्रमर होता, या बँडचा नव्हता. १९८९ मध्ये बेसिस्ट डी डी बँड सोडून गेला तेव्हा त्याच्या जागी आलेल्या सीजेने बेससोबत त्याची ‘वन-टू-थ्री-फोर’ ही आरोळीही उचलली. मोजणीचं काम असंच नाव घेऊन सोपवा, नाहीतर स्टेजवर सगळे एकमेकांकडे बघत उभे राहतात.

तालीम चार आठवड्यांची. चाळीस गाणी एकदम देऊ नका, बारा द्या. पहिला आठवडा फक्त ड्रम आणि बेस, दुसऱ्यात गिटार, तिसऱ्यात गळा. चौथ्यात पूर्ण सेट उभ्याने, चुकलं तरी न थांबता. चूक झाल्यावर पुन्हा कुठे पकडायचं, हे न थांबल्यानेच कळतं. रात्री दहाच्या आत आवरा. शेजारी पोलिसांना फोन करतील आणि जागा जाईल.

सामानाची यादी जाण्याआधी करा. स्नेअर, झांजा, किक पेडल बहुधा ड्रमरची स्वतःची असतात आणि त्याच्यासोबत जातात; नवा येईपर्यंत खोलीत नुसते ढोल उरतात. पेजचे पासवर्ड, रेकॉर्डिंगच्या वेगवेगळ्या ट्रॅकच्या फाइली घ्या. कोणतं गाणं कोणी लिहिलं, चाल कोणाची, हे कागदावर सह्या करून ठेवा. बँडचं नाव कोणाचं, तेही. ट्रेडमार्क करणार असाल तर मनोरंजनाचा वर्ग ४१, नोंदणी दहा वर्षांची. ब्लॅक फ्लॅगच्या जुन्या माणसांत २०१३ मध्ये नावावरूनच कोर्टकचेरी झाली.

पहिला कार्यक्रम छोटा ठेवा, पंचवीस मिनिटांचा. समोरून ‘आधीचाच लई भारी होता’ येणारच. उत्तर देऊ नका, नव्याला पुढचं गाणं मोजायला सांगा. आणि सेटमध्ये जुन्याची गाणी गाळू नका, लोक त्यासाठीच येतात.