चामड्याच्या बुटांचा रंग कसा निवडावा: आधी कपाट, मग दुकान

शर्टाचा रंग मनातून उतरला तर तो कपाटात मागे सरकतो आणि विषय संपतो. चामड्याच्या चांगल्या बुटांचं तसं होत नाही. ते महाग असतात, नीट सांभाळले तर वर्षानुवर्षं टिकतात, आणि घोट्याच्या वर येणारे असतील तर पँटच्या मोहरीला रोज भिडतात. साध्या बुटात मधे मोजा दिसतो, त्यामुळे पँट आणि चामडं थोडं सुटं राहतं. चेल्सी (बाजूला इलॅस्टिक असलेले, बिनलेसचे), चक्का (घोट्यापर्यंतचे, दोन-तीन भोकांच्या लेसचे) किंवा लेसच्या उंच बुटांत ती फट उरत नाही. पँट संपते तिथे लगेच चामडं सुरू होतं, म्हणून रंग जमलाय की नाही हे लांबूनच कळतं.

दुकानात गेल्यावर आपल्यापैकी बहुतेकांचा हात काळ्याकडे जातो. शाळेत काळे बूट, मुलाखतीला काळे बूट, सुटाखाली काळे बूट, त्यामुळे हात तिकडे वळणं साहजिकच आहे. माझं मत विचाराल तर जीन्स, नेव्ही ब्लू आणि खाकी यांनी भरलेल्या कपाटाला पहिली जोडी गडद तपकिरी हवी. पण माझ्या मतावर जाऊ नका. तुमचं उत्तर तुमच्या पँट्सकडे आहे, ते असं काढा.

१. फक्त पँट्स बाहेर काढा

शर्ट, कुर्ते, जॅकेट तसेच राहू द्या. ते बुटापासून दूर असतात, शेजार पँटचा असतो. गेल्या दोन-तीन महिन्यांत खरोखर घातलेल्या पँट्स आणि जीन्स तेवढ्या काढा आणि दिवसाच्या उजेडात पलंगावर पसरा. ‘वजन उतरल्यावर घालू’ म्हणून ठेवलेली पँट यात धरू नका.

आता तीन ढीग करा, पण रंगाने नको, गडदपणाने. काळी, नेव्ही, गडद राखाडी आणि नवी गडद निळी जीन्स एका बाजूला. धुऊन धुऊन उतरलेली जीन्स, मध्यम राखाडी, मेंदी रंगाची पँट मधल्या ढिगात. खाकी, बदामी, मोतिया, पांढरी तिसऱ्यात. कोणती कुठे टाकायची ते कळत नसेल तर सगळ्यांचा मिळून मोबाइलवर एक फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. रंग निघून गेले की गडद काय आणि फिकं काय ते स्वच्छ दिसतं. सर्वांत मोठा ढीग कोणता झाला ते लक्षात ठेवा, बूट त्याच्यासाठी घ्यायचे आहेत.

२. रंगाच्या आधी गडदपणा ठरवा

बूट पँटइतकाच गडद किंवा तिच्याहून थोडा गडद असला की बहुतेक वेळा जमतं. तो पँटहून फिका झाला की बघणाऱ्याची नजर आधी पायांकडे जाते. सुट्टीच्या दिवशी, फिरायला जाताना ते छानच दिसतं, रोज ऑफिसात मात्र खटकू शकतं. दुसऱ्या टोकाला बदामी चिनोजखाली (साध्या सुती पँटखाली) काळेभोर बूट. या दोहोंमध्ये एकही पायरी नसते, आणि पाय घोट्यापाशी तुटल्यासारखा वाटतो. उंची कमी असेल तर हे जास्त जाणवतं. उलट पँट आणि बूट जवळपास सारख्या गडदपणाचे असले की पाय सलग दिसतो आणि त्यामुळे लांबही दिसतो.

अँकल बूट घालणाऱ्या बायकांनी हाच नियम थोडा पुढे न्यावा. काळ्या लेगिंग्ज किंवा स्टॉकिंग्ज असतील तर काळे बूट. ड्रेस किंवा स्कर्टखाली पाय उघडे असतील तर आपल्या त्वचेच्या जवळची तपकिरी छटा. गव्हाळ, सावळ्या, काळ्यासावळ्या अशा प्रत्येक वर्णाला फिक्या टॅनपासून गडद कॉफीपर्यंत कुठली ना कुठली छटा जवळची सापडतेच. ‘न्यूड’ म्हणून विकला जाणारा फिकट गुलाबी रंग आपल्यापैकी बहुतेकींच्या पायांवर उपराच दिसतो.

३. आता रंग निवडा

निळ्यावर तपकिरी इतका का शोभतो? तपकिरी म्हणजे मुळात गडद केलेला नारिंगी, आणि रंगचक्रात नारिंगी निळ्याच्या अगदी समोर येतो. समोरासमोरचे रंग एकमेकांना उठाव देतात. आपल्या कपाटांत निळा उदंड असतो, जीन्स, नेव्ही पँट, शिवाय ऑफिसचे ट्राउझर. म्हणून कॉफी ब्राऊन हा पहिल्या जोडीसाठी सर्वांत उपयोगी रंग. तो तिन्ही ढिगांवर चालतो. गडद निळ्याशी गडदपणाने जुळतो, राखाडीला ऊब देतो, मेंदी आणि खाकीशी तर त्याचं मातीचंच नातं आहे. घेताना तो इतका गडद घ्या की घरातल्या दिव्यात जवळजवळ काळा वाटावा आणि उन्हात गेल्यावरच तपकिरी असल्याचं कळावं. लालसर झाक जास्त असलेला तपकिरी मात्र टाळा, तो फिक्या पँटखाली वेगळाच उठून दिसतो. कॉफी ब्राऊन अडतो तो काळ्या पँटवर आणि काळ्या सुटावर. तिथे त्याला ओढूनताणून बसवू नका.

पहिला ढीग काळ्या आणि राखाडी पँट्सनीच भरला असेल तर मात्र काळेच बूट घ्या, निःशंक मनाने. वकिलांना कोर्टाच्या पोशाखामुळे, हॉटेलात किंवा गणवेशात काम करणाऱ्यांना नियमामुळे काळा लागतोच. ब्रिटनमध्ये तपकिरी बूट गावाकडच्या फिरण्यासाठी आणि काळे शहरातल्या कामासाठी असा जुना संकेत होता. लंडनच्या बँका आणि कचेऱ्यांच्या भागात तो फार काळ पाळला गेला. आता तो बराच सैल झाला आहे, तरी तिकडे नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्याने काळी जोडी बरोबर ठेवलेली बरी.

टॅन, म्हणजे मधाच्या जवळ जाणारा फिका तपकिरी, दुकानात सर्वांत जास्त मोहात पाडतो. गडद निळ्या जीन्सखाली त्याच्याइतकं देखणं दुसरं काही नाही, आणि पांढऱ्या किंवा मोतिया पँटखालीही तो प्रसन्न दिसतो. पण काळ्या आणि गडद राखाडी फॉर्मल पँटखाली तो ओरडतो. तुमच्या पहिल्या ढिगात जीन्स किती आणि ट्राउझर किती ते मोजा आणि मगच टॅनला हात लावा.

एका रंगाकडे आपल्याकडे उगाच दुर्लक्ष होतं, तो म्हणजे आमसुली. काळपट, जांभळट मरून. अमेरिकेत शिकागोची हॉरवीन टॅनरी, म्हणजे कातडी कमावण्याचा कारखाना, १९०५ पासून चामडं बनवते, आणि घोड्याच्या चामड्यातली तिची ‘नंबर ८’ ही काळपट मरून छटा बुटांच्या शौकिनांत जगभर ओळखली जाते. हा रंग नेव्ही, राखाडी आणि काळा या तिन्ही पँट्सवर बसतो. काळ्या पँटवर तपकिरी चालत नाही, तिथे आमसुली चालतो, ही त्याची खरी किंमत. कॉफी ब्राऊन आधीच घरात असेल तर दुसरी जोडी काळी घेण्याआधी याचा विचार जरूर करा.

तिसरा ढीग, खाकी-बदामीचा, सर्वांत मोठा असेल तर वाळूच्या रंगाचा स्वेड, म्हणजे मखमलीसारखं लव असलेलं चामडं, पाहा. बूट बनवणाऱ्या ब्रिटिश क्लार्क्स कंपनीच्या नेथन क्लार्क यांनी दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात असताना ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पायांत कैरोच्या बाजारात बनवून घेतलेले मऊ स्वेडचे बूट पाहिले. त्यावरून तयार झालेला ‘डेझर्ट बूट’ १९५० मध्ये विक्रीला आला. खाकी पँट आणि वाळूच्या रंगाचा बूट यांत फरक इतका थोडा असतो की दोन्ही एकाच मातीतून आल्यासारखे दिसतात.

४. चामडं पुढे कसं बदलेल ते विचारा

दुकानात दिसतो तो बुटाचा पहिल्या दिवसाचा रंग. पुढे तो बदलतो, आणि किती बदलतो ते चामडं कसं कमावलंय यावर ठरतं. बहुतांश चामडं आज क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. ते कातडं निळसर निघतं, त्यामुळे सगळा रंग नंतर चढवावा लागतो, आणि तो बराच स्थिर राहतो. झाडांच्या साली आणि फळं वापरून कमावलेलं चामडं मात्र मुळातच फिकट बदामी असतं आणि ऊन, तेल, हाताळणी यांनी गडद होत जातं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कोल्हापुरी चपलेत हे आपण घरोघरी पाहिलं आहे. नवी असताना बिस्किटी असलेली चप्पल वापरून तांबूस आणि मग गडद होते, आणि जुनी झाल्यावरच जास्त देखणी दिसते.

तेल मुरवलेलं चामडंही असंच जिवंत असतं. बोटाने वाकवून पाहा, वाकलेल्या जागी रंग फिका पडला आणि सोडल्यावर परत आला तर त्यात तेल-मेण भरपूर आहे. अशा बुटाच्या चवड्यावर, जिथे तो वाकतो तिथे, कालांतराने फिक्या-गडद छटा येणारच. त्या आवडत असतील तरच घ्या. काही काळ्या बुटांत काळा रंग फक्त वरच्या थरात असतो आणि झिजल्यावर खालचा तपकिरी डोकावतो. जीन्सवर ते सुंदर दिसतं, कोर्टात नाही. स्वेडवर तोच रंग गुळगुळीत चामड्याहून मऊ आणि कमी औपचारिक वाटतो, कारण त्यावर चकाकी नसते.

५. दुकानात पँट घालून जा

मोठ्या ढिगातली सर्वांत जास्त वापरातली पँट घालूनच जा. दुकानांतले दिवे बऱ्याचदा पिवळसर असतात आणि त्यांत प्रत्येक तपकिरी ऊबदार, लालसर दिसतो. बूट हातात घेऊन दारापाशी जा, दिवसाच्या उजेडात पाहा. यासाठी संध्याकाळपेक्षा दुपार बरी. पायाच्या मापासाठी मात्र संध्याकाळ चांगली असते, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. दोन्ही साधायचं तर उन्हं उतरायच्या आत, चारच्या सुमाराला जा.

वरच्या चामड्याबरोबर तळव्याकडेही बघा. तोच कॉफी ब्राऊन बूट पांढऱ्या रबरी तळव्यावर सुट्टीचा होतो आणि गडद तळव्यावर ऑफिसचा. कडेची शिवण पांढऱ्या किंवा पिवळ्या दोऱ्याची असेल तर तीही बुटाचा औपचारिकपणा कमी करते. एका जोडीने सगळं निभवायचं असेल तर तळवा आणि दोरा दोन्ही चामड्याच्या जवळच्या रंगाचे घ्या.

पट्ट्याची चिंता फार करू नका. काळ्या बुटांबरोबर काळा, तपकिरी बुटांबरोबर तपकिरी, एवढं पुरे. तंतोतंत तीच छटा शोधायची गरज नाही. आमसुली बुटांबरोबर गडद तपकिरी पट्टा छान चालतो. आणि लग्नकार्यात कुर्ता-चुडीदारखाली कुठल्याही रंगाचे उंच बूट नकोत, तिथे मोजडी किंवा कोल्हापुरीच. नेहरू जॅकेट आणि जीन्स असेल तर कॉफी ब्राऊन चेल्सी खुशाल घाला.

६. तुमच्या हवामानाला विचारा

जून ते सप्टेंबर तुम्ही कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत बूट घालणार असाल तर वाळूचा स्वेड आणि फिका टॅन बाद करा. जांभ्याची लाल माती फिक्या स्वेडमध्ये शिरली की सहसा पूर्ण निघत नाही, आणि टॅनवर पाण्याचे थेंब काळपट डाग सोडतात. कॉफी आणि काळा हे दोन्ही सोसतात. भिजलेले बूट वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवा. ऊन किंवा हीटर दाखवला तर चामडं कडक होऊन तडकतं. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवलेल्या बुटांवर बुरशी धरते, सुती पिशवी वापरा. जर्मनी किंवा कॅनडात राहणाऱ्यांना बर्फावर टाकलेल्या मिठाचा त्रास असतो. त्याच्या पांढऱ्या रेषा काळ्या बुटांवर सर्वांत ठळक दिसतात. पाणी आणि पांढरं व्हिनेगर समभाग घेऊन ओलसर फडक्याने पुसलं की त्या जातात.

७. पॉलिशने किती सावरता येतं

दोन शेजारच्या तपकिरी छटांत मन अडकलं आणि चामडं गडद होत जाणारं असेल तर फिकी छटा घ्या. गडद पॉलिश थोडं थोडं लावत टॅनला हळूहळू कॉफीकडे नेता येतं, पण फिकं पॉलिश लावून गडद बूट फिका होत नाही. मूळ रंग टिकवायचा असेल तर बिनरंगी किंवा बुटाहून किंचित फिकं पॉलिश वापरा. कोणतंही नवं पॉलिश किंवा तेल आधी बुटाच्या जिभेच्या झाकल्या जाणाऱ्या भागावर लावा, रात्रभर ठेवा, आणि सकाळी उजेडात पाहून मगच चवड्याला लावा. स्वेडला यातलं काहीच लावायचं नाही, त्याला फक्त ब्रश.