कुत्र्यांचा ट्रेनर व्हायचंय? आधी हे ट्रेनर कुठून येतात ते बघा

"ताई, डॉग ट्रेनर व्हायचंय, कोणता कोर्स करू?" लातूर, नांदेड, परभणी, बीड, सगळीकडून मला हे विचारलं जातं. मी उलट एकच विचारते: आजवर किती वेगवेगळ्या कुत्र्यांना हात लावलाय, आणि कुणाच्या देखरेखीखाली? आपल्याकडे या कामाला सरकारी परवाना लागत नाही. उद्या सकाळी कुणीही पाटी लावून बसू शकतो. म्हणून भिंतीवरचं प्रमाणपत्र बघण्याआधी तो माणूस कुणाच्या हाताखाली तयार झाला, ते विचारावं. ट्रेनर निवडणाऱ्यानं विचारावं, आणि ट्रेनर होऊ पाहणाऱ्यानं तर विचारावंच.

या धंद्यातली मोठी माणसंही एका साच्यातली नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत कुत्र्यांच्या प्रशिक्षणाला शिस्त लावणारा कोनराड मोस्ट पोलीस अधिकारी होता. क्लिकर म्हणजे टक् वाजणारं खेळणं वाजवून लगेच खाऊ द्यायची पद्धत जगभर पोचवणाऱ्या कॅरेन प्रायर या मुळात हवाईत डॉल्फिन शिकवायच्या. डॉल्फिनला साखळी बांधून ओढता येत नाही, त्यामुळे जबरदस्ती न करता शिकवायची वाट त्यांना काढावीच लागली. लहान पिल्लांचे वर्ग लोकप्रिय करणारे इयान डनबार पशुवैद्यक. ज्याचं मूळ जिथलं, त्याची पद्धतही तिथली. आपल्या मराठवाड्यातही हेच दिसतं.

सगळ्यात जास्त मान आहे तो पोलीस श्वानपथकातून निवृत्त झालेल्यांना, आणि तो रास्त आहे. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचं श्वान प्रशिक्षण केंद्र पुण्यात आहे. तिथं कुत्रा आणि त्याचा हँडलर, म्हणजे त्याला सांभाळून काम करून घेणारा पोलीस, दोघं एकत्र शिकतात, आणि जिल्ह्यात परतल्यावरही जोडी शक्यतो मोडत नाहीत. १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईत ३,३०० किलोहून जास्त आरडीएक्स हुंगून काढणारा 'झंजीर' पुण्यातच तयार झाला होता. अशा माणसाजवळ संयम असतो, नोंदी ठेवायची सवय असते, आणि कुत्र्याचं अंग वाचायची नजर असते. मी पट्टा धरायला शिकले ती अशाच एका काकांकडून. सुरुवातीला त्यांनी मला कुत्रा दिलाच नाही. पट्ट्याचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्यांच्या मुठीत. मी डोळे मिटून चालायचं. माझ्या हाताला जरा हिसका बसला की ते थांबून सांगायचे, "आत्ता ओढलंस." मला तो हिसका जाणवलेलाही नसायचा. कुत्र्याच्या मानेला मात्र तो जाणवतो, आणि दिवसभरात असे शेकडो हिसके खाल्ले की कुत्रं पट्ट्याकडे लक्ष देणंच सोडतं. मग मालक म्हणतो, "लई ओढतंय, ऐकतच नाही."

पण श्वानपथकाच्या अनुभवाला एक मर्यादा आहे, आणि नवख्यानं ती ओळखावी. पथकातलं कुत्रं निवडून घेतलेलं असतं. पिल्लूपणीच धीट, खेळकर, वासाच्या मागे वेडं होणारं. लातूरच्या फ्लॅटमध्ये कुकरची शिट्टी वाजली की पलंगाखाली शिरणारा लॅब्रॅडॉर त्या निवडीत पहिल्याच दिवशी बाद झाला असता. त्या कुत्र्याला कसं हाताळायचं, याचं शिक्षण पथकात मिळत नाही. शिवाय पथकातल्या कुत्र्याला एक-दोन हँडलर असतात. घरात आजी, सून, दोन लेकरं, कामवाली मावशी, आणि प्रत्येकाचा हुकूम वेगळा.

सैन्यातून आलेल्यांचं बरंचसं असंच. मेरठला रिमाउंट अँड व्हेटरिनरी कोअरचं, म्हणजे सैन्यातली जनावरं सांभाळणाऱ्या विभागाचं केंद्र आहे. मुधोळ जातीची कुत्री सैन्यात घेतली तेव्हा, २०१६च्या सुमारास, त्यांचं प्रशिक्षण तिथंच झालं. सीमा सुरक्षा दलाचं केंद्र ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला आहे. तिथून गावी परतलेला हँडलर तुमच्या तालुक्यात असेल तर त्याला जाऊन भेटा. बहुतेक वेळा तो मनापासून शिकवतो, कारण या विषयावर त्याच्याशी बोलायलाच कुणी आलेलं नसतं.

दुसरी परंपरा आपल्या मातीतली आहे आणि तिला कुणी 'ट्रेनिंग' म्हणत नाही, याचं मला वाईट वाटतं. लातूर जिल्ह्यातलं चाकूर तालुक्यातलं जानवळ गाव कारवान आणि पश्मी कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. कारवानाची कातडी गुळगुळीत, पश्मीच्या कानाशेपटीला रेशमी केस. दोन्ही नजरेवर धावणारी कुत्री. वासापेक्षा हालचालीवर झेपावणारी. पिढ्यान्‌पिढ्या ही कुत्री सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना पिल्लाची छाती, पाय, चाल बघून ते कसं निघेल हे सांगता येतं. मेंढ्यांमागे हिंडणाऱ्या धनगरांचंही तसंच. कळपात राहून वाढलेलं पिल्लू मेंढीला चावत नाही, हे त्यांना पुस्तकाविना ठाऊक आहे. शास्त्रही तेच सांगतं: तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं, हुंगतं, ऐकतं, ते त्याला आयुष्यभर आपलं वाटतं. मात्र एक सांगून ठेवते. या कुत्र्यांना सशामागे, हरणामागे सोडणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. तसल्या 'शिकवण्या'च्या गप्पा जिथं चालतात तिथून उठून यायचं.

तिसरा रस्ता दवाखान्याचा. मी त्याच रस्त्यानं आले. परभणीत एका प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस होते. इंजेक्शन देताना कुत्रं धरायचं, हे माझं काम. टेबलावर आलेलं कुत्रं चावायच्या आधी किती वेळा सांगतं, ते तिथं कळलं. ओठ चाटतं, झोप नसताना जांभई देतं, मान वळवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवतं, आणि मग अचानक दगडासारखं स्थिर होतं. ते स्थिर होणं सगळ्यात महत्त्वाचं. पुढच्या क्षणी दात येतात. लोक म्हणतात, "काही नसताना चावलं." कुत्र्यानं चार वेळा सांगितलेलं असतं. परभणी आणि उदगीर, दोन्हीकडे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यांचे दवाखाने आहेत. ज्याला या कामात यायचंय त्यानं कुठल्याही दवाखान्यात काही महिने हात लावावा, हे माझं ठाम मत आहे. अचानक चावरं झालेलं कुत्रं अनेकदा दुखण्यानं चावत असतं. कानात पू, दाढेत कीड, कंबरेत कळ. आधी डॉक्टर, मग ट्रेनर, हा क्रम दवाखान्यात राहिलेल्याच्या अंगात मुरतो.

चौथी मंडळी ऑनलाइन शिकून येतात. त्यांना नावं ठेवणारे बरेच आहेत, मी त्यांच्यात नाही. मुलं अभ्यासू असतात. प्राणी कसे शिकतात याचा अभ्यास करणारे पाव्हलॉव्ह, स्किनर त्यांना माहीत असतात, आणि 'मालकानं कळपाचा म्होरक्या व्हावं, कुत्र्याला उताणं पाडून दाबावं' असल्या जुन्या समजुतींना ती सहसा बळी पडत नाहीत. ही समजूत बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणातून पसरली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी स्वतः १९७०च्या पुस्तकात तीच मांडली, आणि रानातल्या लांडग्यांचा कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं असतात हे पाहिल्यावर १९९९ मध्ये ती जाहीरपणे खोडून काढली. असा माणूस मला गुरू म्हणून आवडतो. पण ऑनलाइन शिकलेल्यांकडे हात कमी असतो. डॉग ट्रेनरना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकेतल्या मंडळाची परीक्षासुद्धा मागच्या तीन वर्षांत किमान ३०० तास प्रत्यक्ष शिकवल्याशिवाय देता येत नाही. तेवढे तास आधी कुणाच्या तरी सोबत भरा.

काम नेमकं कसं चालतं ते एका उदाहरणानं सांगते. उदगीरकडच्या एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, एक पश्मी कुत्री होती. मालक म्हणाले, "चोरासाठी ठेवली, पण आता दूधवाल्यालाबी येऊ देत नाही. लई तापट हाय." मी लांबून बघितलं. भुंकत होती, पण वजन मागच्या पायांवर. शेपटी पोटाखाली. एक पाऊल पुढे, दोन पावलं मागे. हा तापटपणा नव्हता. ती घाबरली होती, आणि भुंकलं की माणूस निघून जातो हे तिला कळलं होतं. दूधवाला तर दूध देऊन जाणारच, तिला मात्र वाटायचं आपण घालवलं.

सालगड्याला लिंबाच्या झाडामागे उभं केलं. तिला तो दिसेल पण ती खाऊ शकेल, एवढ्या अंतरावर. तो झाडामागून बाहेर आला की मी उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे एकामागून एक द्यायचे. तो झाडामागे गेला की कोंबडी बंद. क्रम महत्त्वाचा: आधी माणूस, मग कोंबडी. उलटं केलं तर कोंबडीचा वास आला की माणूस येणार, असं शिकून ती खायचीच बंद होते. तिनं तुकडा तोंडात घेऊन टाकून दिला तर समजायचं, अंतर कमी पडलं. मग काही न बोलता मागे सरकायचं. असं करता करता एक दिवस सालगडी दिसला, आणि तिनं भुंकायच्या ऐवजी मान वळवून माझ्याकडे बघितलं. नवख्याला तो क्षण दिसतही नाही, इतका छोटा. मालकांना मी तो दाखवला तेव्हा ते म्हणाले, "एवढंच?" एवढंच. पुढची सगळी प्रगती त्या मान वळवण्यावर उभी राहिली. काही आठवड्यांनी दूधवाला फाटकातून आत यायला लागला, त्यानं स्वतः तुकडा टाकायचा आणि सरळ चालत राहायचं. तिला कुरवाळायला मात्र कुणालाही परवानगी नव्हती, आणि आजही नाही.

आता थोडं तुमच्या जिवाचं. कामाला लागण्याआधी रेबीजची चावण्यापूर्वी घ्यायची लस डॉक्टरांना विचारून घ्या. ती घेतली तरी चावल्यावर साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि दवाखान्यात जायचंच. चावऱ्या कुत्र्यासाठी मुसकी लागते. गावाकडे बैलाला बांधतात तशी तोंड आवळणारी नको, आत कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतील अशी जाळीची घ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे फार महत्त्वाचं आहे, कारण कुत्रं अंग थंड करतं ते मुख्यतः धापा टाकूनच. त्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइटच्या आसपास असतं, १०४च्या वर गेलं की धोका. मे महिन्यात नऊनंतर मी मैदानावर कुत्रं काढतच नाही. डांबरावर हाताचा उलटा तळवा काही सेकंद टेकवा. तुम्हाला सोसलं नाही तर त्याच्या पायालाही सोसणार नाही.

गिऱ्हाईक हा या कामातला अर्ध्याहून मोठा भाग आहे, आणि कुत्र्यांची आवड म्हणून येणाऱ्या मुलांना हेच नको असतं. फोन करतात घरातले पुरुष, पैसे देतात तेच, शिकायला उभे राहतात तेच. कुत्र्याला भाकरी घालणारी, सकाळी अंगणात सोडणारी बाई दारात उभी राहून बघते. मी पहिल्याच दिवशी पट्टा तिच्या हातात देते. काही घरांत कपाळाला आठ्या पडतात. पण दिवसभर कुत्रं ज्या आवाजाकडे बघतं, त्या आवाजाला शिकवलं नाही तर माझी फी वाया गेली. म्हणूनच 'महिनाभर कुत्रं आमच्याकडे ठेवा, शिकवून परत देतो' या पद्धतीवर माझा फारसा विश्वास नाही. कुत्रं ट्रेनरचं ऐकायला लागतं, घरी आलं की पहिले पाढे पंचावन्न.

पिल्लू घेताना सल्ला विचारायला लोक येतील, तेव्हा हेही माहीत असू द्या: २०१७च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. लसींचा क्रम साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतो, आणि जग दाखवायचं वय त्याच्या आधीच संपत येतं. म्हणून पिल्लाला जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन हिंडवायचं. बस स्टँड, ट्रॅक्टर, बँड, दाढीवाला, हेल्मेटवाला, सगळं लांबून दाखवायचं. दिवाळीच्या फटाक्यांची तयारी दिवाळीत करता येत नाही, ती श्रावणातच हळू आवाजाच्या रेकॉर्डिंगवर सुरू करावी लागते.

सुरुवात करणाऱ्याला पैसा लगेच मिळत नाही. सिडकोच्या रो-हाऊसमध्ये किंवा नांदेडच्या नव्या वसाहतीत हळूहळू ओळखी होतात, एक घर दुसऱ्या घराला सांगतं. तोवर दुसरं उत्पन्न हाताशी ठेवा. दवाखाना, बोर्डिंग, कुत्री फिरवणं, जे जमेल ते. प्रत्येक कुत्र्याची वही ठेवा: काय केलं, त्यानं काय केलं, किती अंतरावर केलं. मालकाची परवानगी घेऊन व्हिडिओ काढा आणि रात्री आवाज बंद करून बघा. आवाज बंद केला की कुत्र्याचं अंग दिसायला लागतं.

आणि कुणाच्या हाताखाली शिकायला जाण्याआधी त्यांना तीन गोष्टी विचारा. कुत्र्यानं बरोबर केलं की तुम्ही काय करता? चुकलं की काय करता? आणि तुमचं काम मला मालकासमोर उभं राहून बघता येईल का? दुसऱ्या प्रश्नाला 'फटका', 'काट्यांचा पट्टा', 'करंटचा पट्टा' असं उत्तर आलं, किंवा तिसऱ्याला 'नको, कुत्रं बिथरतं' असं आलं, तर नमस्कार करून निघा आणि पुढच्या माणसाचा पत्ता शोधा.