मोबाइल बिलात न मागितलेल्या सेवेचे पैसे लागलेत? या चुका टाळा

पोस्टपेडचं बिल दर महिन्याला ठरलेल्या रकमेचं येतं आणि मग एखाद्या महिन्यात ते पन्नास-शंभर रुपयांनी वाढलेलं दिसतं. पीडीएफ उघडून पहिलं पान ओलांडलं की खाली कुठेतरी ‘मूल्यवर्धित सेवा’ किंवा ‘इतर शुल्क’ असं शीर्षक असतं. त्याखाली कॉलर ट्यून, राशिभविष्य, क्रिकेटचा स्कोअर, गेम असं काहीतरी नाव, शेजारी रक्कम आणि वर १८ टक्के जीएसटी. घरात विचारलं तर हे कोणी मागितलेलंच नसतं.

असे पैसे परत मिळू शकतात. ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाने त्यासाठी नियम केले आहेत आणि ते ग्राहकाच्या बाजूचे आहेत. पण वेळेत मागणी केली आणि ती नेमक्या शब्दांत केली, तरच ते उपयोगी पडतात. बहुतेक लोक नेमके इथेच कमी पडतात.

रक्कम छोटी आहे म्हणून सोडून देणं

एकोणपन्नास रुपयांसाठी कोण फोन करत बसणार, असं वाटणं साहजिक आहे. पण या सेवा एकदा लागल्या की आपोआप नव्याने सुरू होत राहतात. महिन्याला ४९ रुपये म्हणजे जीएसटी धरून वर्षाला सुमारे ६९४ रुपये. रोज पाच रुपये कापणारी सेवा असेल तर वर्षाचे १,८२५.

सगळ्यात जास्त फटका बसतो तो घरातल्या मोठ्यांना. आई गावाला, मुलगा पुण्यात किंवा परदेशात, बिल मुलाच्या खात्यातून ऑटोपेने भरलं जातं आणि बिलाची पीडीएफ जाते अशा जुन्या ईमेलवर, जो आता कोणी उघडतच नाही. वर्षानुवर्षं कुणाचं लक्ष जात नाही. ऑटोपे जरूर ठेवा, पण महिन्यातून एकदा बिलाचं दुसरं पान उघडा. आई-वडिलांच्या नंबरसाठी ईमेल बदलून स्वतःचा द्या. हे काम कंपनीच्या ॲपमध्ये होतं.

पैसे कुठून गेले ते न बघता भांडायला जाणं

कस्टमर केअरला फोन लावण्याआधी हे शोधा, नाहीतर अर्धा तास फोनवर घालवून ‘सर, हे आमच्याकडचं नाही’ एवढंच ऐकायला मिळतं. पैसे जाण्याच्या वाटा मुख्यतः तीन आहेत.

पहिली, मोबाइल कंपनीमार्फत लागलेली मूल्यवर्धित सेवा. कॉलर ट्यून, अलर्ट, ज्योतिष वगैरे. ही बिलात सेवेच्या नावाने दिसते. प्रीपेडमध्ये मात्र ती चटकन लक्षात येत नाही, कारण अनलिमिटेड प्लॅन चालूच राहतो आणि पैसे मेन बॅलन्समधून जातात. दहा रुपयांचं टॉपअप मारलं की ७ रुपये ४७ पैसे जमा होतात, ते मुरतात कुठे हे कोणी बघत नाही. मग एके दिवशी यूपीआय ॲप नव्या फोनवर चालू करताना पडताळणीचा एसएमएस जात नाही, तेव्हा कळतं की बॅलन्स शून्य आहे. प्रीपेड ग्राहकालाही तपशीलवार वापराचं बिल मागता येतं आणि त्यासाठी कंपनी ५० रुपयांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. हे फार थोड्यांना माहीत असतं.

दुसरी वाट ॲप स्टोअरची. गूगल प्लेमध्ये पैसे भरण्याच्या पर्यायांत मोबाइल बिलाचा पर्याय जोडलेला असेल, तर मुलाने गेममध्ये घेतलेली नाणी थेट तुमच्या पोस्टपेड बिलात येतात. ही खरेदी प्ले स्टोअरमध्ये, प्रोफाइलच्या चित्रावर टॅप करून ‘पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्स’मध्ये दिसते. परतावाही आधी तिथेच मागायचा असतो. आणि ॲप फोनमधून काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही. ते वेगळं रद्द करावं लागतं. ही चूक मी रोज ऐकतो.

तिसरी वाट बँकेची. ओटीटीचे किंवा एखाद्या ॲपचे पैसे यूपीआय ऑटोपेने किंवा कार्डावरून जातात, त्यांचा मोबाइल बिलाशी काही संबंध नसतो. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशी आवर्ती रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते. ती सूचना बहुधा एसएमएसच्या गर्दीत पडलेली असते. यूपीआय ॲपमधल्या ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ या भागात जाऊन तो थांबवता येतो.

‘बंद केलं’ एवढ्यावर समाधान मानणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. कस्टमर केअरचा माणूस गोड आवाजात म्हणतो, ‘मॅडम, सेवा बंद केली आहे, आणखी काही मदत?’ आणि आपण आभार मानून फोन ठेवतो. गेलेले पैसे गेलेच. तक्रारीची नोंदही झालेली नसते, कारण कंपनीच्या दप्तरात तुम्ही केलेली ती फक्त सेवा बंद करण्याची विनंती असते.

ट्रायने १० जुलै २०१३ रोजी काढलेल्या निर्देशानुसार मूल्यवर्धित सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाची संमती दोनदा घ्यावी लागते. पहिल्यांदा ग्राहक मागणी करतो, मग त्याच्याकडून वेगळी पुष्टी घ्यायची आणि ती आली तरच पैसे लावायचे. म्हणजे संमती होती हे दाखवण्याची जबाबदारी कंपनीवर येते. संमती दिली नव्हती हे तुम्ही सिद्ध करत बसायची गरज नाही. बोलणं इथूनच सुरू करा.

सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा सर्व कंपन्यांचा सामायिक, निःशुल्क नंबर आहे. त्यावर फोन करा किंवा इंग्रजीत ‘स्टॉप’ असा एसएमएस पाठवा. उत्तरात चालू सेवांची यादी आली तर सांगितल्याप्रमाणे क्रमांक पाठवा. विनंती केल्यापासून चार तासांत सेवा थांबायला हवी. सेवा सुरू झाल्यापासून २४ तासांच्या आत ही विनंती गेली, तर कापलेली रक्कम परत द्यावी लागते. म्हणून ‘अमुक सेवा सुरू झाली आहे’ असा एसएमएस दिसला की तो बाजूला सारू नका आणि संध्याकाळवर ढकलूही नका. त्याच एसएमएसचा स्क्रीनशॉट घ्या, पाठवणाऱ्याचं नाव आणि वेळ दिसू द्या, आणि लगेच १५५२२३ ला कळवा.

२४ तास उलटून गेले तरी वाट बंद होत नाही. तेव्हा १९८ लावा. हा तक्रारींचा निःशुल्क नंबर आहे. १२१ हा सर्वसाधारण माहितीचा नंबर, त्यावर रेंगाळू नका. मेन्यूतून वाट काढत माणसापर्यंत पोहोचलात की बोलणं साधारण असं ठेवा:

‘माझ्या बिलात या नावाच्या सेवेचे इतके रुपये लागले आहेत. मी ही सेवा मागितलेली नाही. सेवा बंद करा. ती कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या मार्गाने सुरू झाली आणि माझी दुसरी पुष्टी कशी घेतली, ते लेखी द्या. आतापर्यंत घेतलेली सगळी रक्कम करासह परत हवी आहे. याची तक्रार म्हणून नोंद करा आणि मला डॉकेट नंबर द्या.’

समोरचा बहुधा एकदा तरी म्हणेल, ‘सिस्टीमला तुमच्या नंबरवरून रिक्वेस्ट आलेली दिसते.’ रागावू नका. ‘ती रिक्वेस्ट कुठून आली, वेबसाइटवरून, एसएमएसने की कॉलवरून, आणि पुष्टीची वेळ काय?’ एवढंच विचारा. माझ्या ओळखीच्या एका काकूंच्या बाबतीत असं विचारल्यावर पलीकडे शांतता झाली, होल्डचं संगीत वाजलं आणि मग ‘सद्भावनेपोटी’ पूर्ण रक्कम पुढच्या बिलात वळती करायचं कबूल झालं. नेहमीच असं होईल अशी खात्री मी देत नाही, पण तारीख-वेळ मागणाऱ्या ग्राहकाला टोलवणं अवघड जातं एवढं नक्की. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, एसएमएसने आल्याशिवाय फोन ठेवू नका.

सेवा लागली कशी, हे न शोधणं

पैसे परत मिळाले तरी मूळ तसंच राहिलं तर दोन महिन्यांनी तेच. जुनी वाट कॉलर ट्यूनची: दुसऱ्याला फोन लावल्यावर ऐकू येणारी धून कॉपी करायला ‘स्टार दाबा’ अशी सूचना येते, आणि लहान मूल किंवा आजोबा दाबून मोकळे होतात. कंपनीच्या नावाने येणाऱ्या रेकॉर्ड केलेल्या कॉलमध्ये ‘एक दाबा’ म्हटलं की दाबायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

दुसरी वाट जाहिरातींची. मोबाइल डेटावर असताना तुमचा नंबर कंपनीच्या यंत्रणेला आपोआप ओळखता येतो. त्यामुळे एखाद्या पानावर ‘पुढे’ किंवा ‘प्ले’ असं बटण दाबलं की नंबर न टाकताही मागणी नोंदली जाऊ शकते. वायफायवर असाल तर नंबर आणि ओटीपी विचारावा लागतो. म्हणून मुलांच्या हातात फोन द्यायचा तर मोबाइल डेटा बंद करून वायफायवर द्या. आणि व्हिडिओ किंवा गेम बघण्यासाठी कुठलं पान ओटीपी मागत असेल, तर तो ओटीपी म्हणजेच तुमची संमती. देऊ नका.

प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल अशी सेटिंग करा, आणि पैसे भरण्याच्या पर्यायांतून मोबाइल बिल काढून टाका. मूल्यवर्धित सेवा या नंबरवर कायमच्या बंद ठेवा अशी मागणीही १९८ वरच करा आणि तिचाही नंबर घ्या.

फसवून गळ्यात मारलेली वर्गणी हा आता नुसता नैतिक प्रश्न उरलेला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत फसव्या रचनांचे १३ प्रकार दिले आहेत आणि रद्द करायला मुद्दाम अवघड केलेली वर्गणी हा त्यांतलाच एक. लेखी तक्रार करताना याचा उल्लेख जरूर करा.

डीएनडीवर भरवसा ठेवणं

१९०९ वर डीएनडी नोंदवल्याने जाहिरातींचे कॉल आणि मेसेज रोखले जातात. आधीच लागलेल्या सेवेचे पैसे त्याने थांबत नाहीत. दोन्ही वेगळी कामं आहेत.

इंटरनेटवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधणं

सर्चमध्ये वर दिसणारा दहा आकडी नंबर भामट्याचा असू शकतो. तो परताव्याच्या नावाखाली स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावतो किंवा यूपीआय पिन मागतो, आणि मग पन्नास रुपयांच्या जागी खातं रिकामं होतं. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. १९८, १५५२२३ आणि कंपनीचं स्वतःचं ॲप याच्या बाहेर जाऊ नका. फसवणूक झालीच तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

रागाच्या भरात बिल न भरणं किंवा नंबर पोर्ट करणं

पूर्ण बिल अडवून धरलं तर विलंब शुल्क लागतं, आउटगोइंग बंद होतं आणि मूळ तक्रार बाजूला राहून तुम्हीच थकबाकीदार ठरता. वादातली रक्कम निकालापर्यंत स्थगित ठेवा, अशी मागणी तक्रारीतच करा. कंपनी ऐकत नसेल तर ‘हरकत नोंदवून’ बिल भरा, म्हणजे तसा ईमेल पाठवा आणि भरून टाका. पोर्ट करायचं असेल तरी पोस्टपेडची थकबाकी असताना पोर्टिंगचा कोड मिळत नाही. म्हणून आधी परतावा, मग पोर्ट.

पहिल्या नकारावर थांबणं

१९८ वर समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनी ही सोय दिली आहे. त्यासाठी एक पैसा लागत नाही. तक्रारीचं उत्तर मिळाल्यापासून, किंवा उत्तराची मुदत संपल्यापासून, ३० दिवसांत अपील करायचं आणि ३९ दिवसांत त्याचा निकाल यायला हवा. अपील आधी दोन सदस्यांच्या सल्लागार समितीपुढे जातं. त्यांतला एक ट्रायकडे नोंदणी असलेल्या ग्राहक संघटनेचा असतो. ईमेल चालतो. त्यात डॉकेट नंबर, बिलाचं ते पान, स्क्रीनशॉट आणि ‘दुसऱ्या पुष्टीचा पुरावा द्यावा’ हे एक वाक्य हवंच.

ट्रायला पत्र लिहून वैयक्तिक तक्रार सुटत नाही, ते काम ट्रायकडे नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मात्र नोंद करता येते आणि ती कंपनीपर्यंत पोहोचवली जाते. त्याही पुढे जायचं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, असं अजूनही काही जण सांगतात. तो समज सर्वोच्च न्यायालयाच्या १६ फेब्रुवारी २०२२ च्या निकालानंतर टिकत नाही. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांत शुल्क नाही, आणि तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. साठ रुपयांसाठी आयोगात जावं का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण वर्ष-दोन वर्षं आईच्या बिलातून पैसे जात असतील तर माझ्या मते जावंच.

परतावा मंजूर झाला की तो बहुधा रोख न येता पुढच्या बिलात वजा रक्कम म्हणून दिसतो. ते बिल आलं की दोन ओळी तपासा: वजा केलेल्या रकमेत जीएसटी धरलाय का, आणि त्याच सेवेचा नवा महिना पुन्हा लागलाय का. लागला असेल तर नवी तक्रार करताना जुना डॉकेट नंबर पहिल्याच वाक्यात सांगा.