विद्युत नकाशासाठी कॅडमध्ये लेअर कसे पाडावेत

इमारतीच्या एकाच मजल्यावर दिवे, स्विच, प्लग पॉइंट, डिस्ट्रिब्यूशन बोर्ड, वायरिंगचे मार्ग आणि फायर अलार्मचे डिटेक्टर दाखवायचे असतात, पण हे सगळे एकाच शीटवर क्वचितच छापले जाते. म्हणून लेअर, म्हणजे पारदर्शक कागदांसारखे एकावर एक असणारे आणि हवे तेव्हा झाकता येणारे रेखाटनाचे थर, पाडताना कसोटी एकच ठेवावी: जे नेहमी एकत्र दिसते ते एका लेअरवर, आणि जे एखाद्या शीटवर झाकावे लागते त्याला स्वतंत्र लेअर. प्रत्येक सर्किटला वेगळा लेअर देण्याची हौस काहींना असते. ती टाळावी, कारण सर्किटचा क्रमांक चिन्हाशेजारी लिहिला की काम भागते. पुढील पायऱ्या ऑटोकॅड हे संगणकावर रेखाटन करण्याचे (कॅड) सॉफ्टवेअर गृहीत धरून दिल्या आहेत.

प्रथम वास्तुविशारदाचा नकाशा एक्सरेफ (संदर्भासाठी जोडलेली बाहेरची फाइल) म्हणून जोडावा आणि त्याचे लेअर फिकट करड्या रंगाचे करून लॉक करावेत. त्यातील मापे व हॅच (भाग भरून दाखवणाऱ्या रेषा) यांचे लेअर फ्रीझ करावेत, म्हणजे झाकून ठेवावेत. फर्निचर मात्र सरसकट झाकू नये: प्लगच्या जागा पलंग-टेबलांवरून ठरतात, त्यामुळे पॉवरच्या शीटवर ते हवे, तर दिव्यांच्या शीटवर त्याऐवजी फॉल्स सीलिंगची जाळी हवी.

मग आपले लेअर तयार करावेत. नावे ‘ई’ या इंग्रजी अक्षराने सुरू केली, जसे ई-लाइट, ई-पॉवर, ई-फायर, की यादीत ती सलग येतात. मजकुरासाठी निराळे लेअर ठेवावेत. भिंतींची रेषा ०.१३ मिमी आणि चिन्हांची ०.२५ किंवा ०.३५ मिमी ठेवल्यास छापील कागदावर विद्युत काम उठून दिसते.

चिन्हांचे ब्लॉक (एकदा काढून पुन्हापुन्हा वापरायची तयार चिन्हे) ‘०’ या लेअरवर, रंग व रेषा ‘बायलेअर’ (लेअरप्रमाणे) ठेवून बनवावेत. असा ब्लॉक ज्या लेअरवर टाकला जातो त्याचा रंग आपोआप घेतो, त्यामुळे एकच चिन्ह साध्या आणि आणीबाणीच्या दिव्यालाही चालते. वस्तूला हाताने रंग देऊ नये; मग लेअरचा रंग बदलला तरी ती जुन्याच रंगात राहते.

आता शीट वेगळ्या कराव्यात. लेआउटमधील (छापायच्या शीटवरील) व्ह्यूपोर्टमध्ये, म्हणजे मूळ रेखाटन दाखवणाऱ्या चौकटीत, शिरून ‘व्हीपी फ्रीझ’ वापरला की नको असलेले लेअर फक्त त्या व्ह्यूपोर्टपुरते झाकले जातात आणि मूळ रेखाटन एकच राहते.

येथे ‘ऑफ’ आणि ‘फ्रीझ’ यांतील फरक ध्यानात घ्यावा. लेअर नुसता ऑफ असेल, तर मॉडेलमध्ये (मूळ रेखाटनात) ‘इरेझ’ ही पुसण्याची आज्ञा देऊन ‘ऑल’ टाइप केल्यावर त्यावरील न दिसणाऱ्या वस्तूही पुसल्या जातात. फ्रीझ किंवा लॉक केलेल्या लेअरवरील वस्तू मात्र त्या निवडीत येत नाहीत.

फाइल पाठवण्यापूर्वी ‘लेअर वॉक’ने एकेक लेअर एकटा दाखवून पाहावा. लाइटच्या लेअरवर भरकटलेला एखादा सॉकेट तिथे लगेच सापडतो.