'झालंच आहे' म्हणणाऱ्यांसाठी

मी भाषांतराची कामं करते. काम कुठवर आलं असं कुणी फोनवर विचारलं की माझ्या तोंडून आपसूक निघायचं, "झालंच आहे, शेवटचा हात फिरवतेय." बऱ्याचदा तेव्हा फाइल उघडलेलीसुद्धा नसायची. याला मी कित्येक वर्षं आळस म्हणत आले. आळसावर उपाय काय, तर लवकर उठणं. मग पहाटेचा गजर झाला, भिंतीवर वेळापत्रक झालं. उठायचेही लवकर, आणि साडेपाच वाजता ती फाइल सोडून जगातलं बाकी सगळं आवरायचे.

तेव्हा पहिलं सांगणं हे, की स्वतःवर शिक्का मारायची घाई करू नका. 'मी आळशी', 'मी तापट' म्हणून मोकळं होणं फार सोयीचं असतं; मी आहेच अशी, म्हटलं की पुढचं काही करावं लागत नाही. एक साधी वही घ्या आणि तीन रकाने आखा: कधी घडलं, मी नेमकं काय बोलले किंवा केलं, आणि त्याच्या जरा आधी काय चाललं होतं. शेरे, शिव्या, निश्चय काही लिहायचं नाही. माझी एक नोंद अशी होती: 'मंगळवार, सव्वाचार. झालंच आहे म्हणाले. आधी: तिसऱ्या पानावरची कायद्याची संज्ञा कळली नव्हती.'

तीन आठवड्यांत चौदा नोंदी झाल्या. त्यातल्या अकरा नोंदींच्या तिसऱ्या रकान्यात फिरून फिरून एकच गोष्ट होती: कुणाला तरी काहीतरी विचारावं लागणार होतं. इतकी वर्षं या कामात काढल्यावर एवढंही येत नाही, असं समोरच्याला वाटेल ही लाज. आळस बिचारा फुकट बदनाम झाला होता.

वहीत सगळं सापडत नाही. अठराव्या शतकातला अमेरिकन मुत्सद्दी आणि लेखक बेंजामिन फ्रँकलिन याने स्वतःच्या सुधारणेसाठी गुणांची यादी केली, तेव्हा त्यात आधी बाराच गुण होते. तुम्ही गर्विष्ठ आहात असं लोकांना वाटतं, हे एका मित्राने सांगितलं म्हणून तेरावा आला, नम्रता. आपल्या पाठीला काय लागलंय ते दुसऱ्यालाच दिसतं.

पण विचारायचं कसं, यावर सगळं अवलंबून आहे. "माझ्यात काय कमी आहे?" असं विचारलंत तर "छे, काही नाही" हेच ऐकाल. "गेल्या महिन्यात माझ्यामुळे तुझं काही अडलं का?" असं विचारा. उत्तर येताना 'पण' हा शब्द तोंडातून काढू नका. मला तर ओठ दाबून धरावे लागले. धाकट्या भावाला विचारलं, तो सहज म्हणाला, "ताई, तू 'झालंच' म्हणालीस की मी आणखी दोन दिवस धरतो." म्हणजे घरात माझ्या शब्दाचा भाव ठरलेला होता, मलाच पत्ता नव्हता.

पुढचं काम छोटं आहे. तो क्षण आला की काय बोलायचं, ते वाक्य आधीच ठरवून ठेवा. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने 1999 साली याच 'जर-तर' ठरवण्यावर लिहिलं होतं: जर अमुक झालं, तर मी तमुक करीन. नुसत्या 'यापुढे सुधारेन'पेक्षा हे जास्त टिकतं. माझं वाक्य: "अजून सुरू केलेलं नाही, एक शंका आहे, आत्ताच विचारू का?" पहिल्यांदा म्हणाले तेव्हा कान गरम झाले. समोरून उत्तर आलं, "विचारा ना," आणि दोन मिनिटांत शंका मिटली.

आणि तारीख देताना मनाला विचारू नका, मागच्या तीन कामांना प्रत्यक्ष किती दिवस लागले ते बघा. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच दाखवून दिलं होतं, की मागचा अनुभव गाठीशी असूनही माणूस पुढच्या कामाला वेळ कमीच धरतो.

एका वेळी एकच दोष घ्या. फ्रँकलिनही आठवड्याला एकाच गुणावर भर द्यायचा, आणि नीटनेटकेपणा काही त्याला शेवटपर्यंत नीट जमला नाही. मला चेहरे लक्षात राहत नाहीत. त्याने कुणाचं फारसं बिघडत नाही, म्हणून तो दोष मी खुशाल तसाच ठेवलाय. ज्या दोषाची किंमत दुसरा मोजतोय, तो आधी. मात्र आठवडेच्या आठवडे झोप नाही, कशातच मन लागत नाही, असं असेल तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. तो स्वभावदोष नाही.

परवा भावाला पुन्हा विचारलं. जरा विचार करून म्हणाला, "आता एकच दिवस धरतो."