मुलांना नॉर्डलिंगेन दाखवताना

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील नॉर्डलिंगेन हे तटबंदीचे गाव मुलांना दाखवायचे असल्यास सुरुवात संग्रहालयापासून न करता तटावरून करावी. सुमारे पावणेतीन किलोमीटर लांबीच्या या तटावरून छपराखालच्या वाटेने गावाला पूर्ण फेरी मारता येते आणि तिकीटही लागत नाही. वाटेत लोपसिंगर वेशीपाशी थांबून 1440 सालची आख्यायिका सांगावी: शत्रूसाठी मुद्दाम उघडी ठेवलेली वेस एका डुकराने अंग घासल्यामुळे हलली, ते एका बाईच्या लक्षात आले आणि गाव वाचले. त्यानंतर गावात जागोजागी दिसणारी डुकरांची शिल्पे मुले स्वतःच शोधू लागतात.

सेंट जॉर्ज चर्चच्या सुमारे 90 मीटर उंच ‘डॅनियल’ मनोऱ्याला 350 पायऱ्या आहेत. लहानग्याला कडेवर घेऊन चढण्याचा हट्ट मात्र धरू नये. वरून दिसणारी गोल खोलगट भूमी सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीच्या अशनीपातातून घडली आहे. लोणारचे सरोवर पाहिलेल्या मुलांना हे चटकन उमगते, फक्त येथील विवर जवळपास 24 किलोमीटर रुंद आहे, हे सांगावे. चर्चचा दगडही त्याच आघातातून बनलेला आहे. अपोलो 14 या चांद्रमोहिमेच्या अंतराळवीरांनी 1970 मध्ये याच परिसरात खडकांचा अभ्यास केला होता.

शक्य असल्यास रात्री तेथेच मुक्काम करावा, कारण दहा वाजल्यापासून मनोऱ्यावरचा पहारेकरी दर अर्ध्या तासाने ‘सो, ग्झेल, सो’ (‘असं, गड्या, असं’) अशी जुनी आरोळी आजही देतो.