रिपोर्टमध्ये ॲन्युरिझम आलाय? आधी आकडा बघा

बाबांची प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी केली आणि रिपोर्टच्या तळाशी एक ओळ, ॲबडॉमिनल एओर्टिक ॲन्युरिझम, ४.६ सेमी. त्रास काहीच नाही, मग हे आलं कुठून? बहुतेकांचं असंच सापडतं, दुसऱ्याच कशासाठी तरी पोट बघताना.

पोटातली मुख्य रक्तवाहिनी साधारण २ सेमी रुंद असते, तिची भिंत कमजोर झाली की सायकलच्या जुन्या ट्यूबसारखी एका जागी फुगते. ३ सेमीच्या वर गेली की ॲन्युरिझम. फुटला तर बरेच जण हॉस्पिटलपर्यंत पोचतच नाहीत, पण लहान असताना लगेच ऑपरेशन करूनही फायदा होत नाही, इंग्लंड-अमेरिकेत मोठे अभ्यास करून हे बघितलंय. म्हणून साधारणपणे पुरुषांत ५.५ आणि बायकांत ५ सेमीपर्यंत थांबतात. सहा महिन्यांत अर्धा सेमी वाढला किंवा दुखायला लागला तर मात्र थांबायचं नाही.

तोवर काय करायचं, तर मोजत राहायचं. ४ च्या आत असेल तर तीन वर्षांनी, ४ ते ५ ला वर्षाने, त्यावर सहा महिन्यांनी, बाकी तुमचे डॉक्टर सांगतील तसं. आणि शक्यतो एकाच सेंटरला मोजा. आमचा दुसरा आकडा सीटीचा होता, ४.९, घरात रडारड, मग सर्जन म्हणाले सीटी आणि सोनोग्राफीत काही मिमीचा फरक पडतोच, सोनोग्राफीची तुलना सोनोग्राफीशीच करा. तेव्हापासून एक वही केली, तारीख, आकडा, कशावर मोजलं.

बिडी-सिगारेट बंद, यात सवलत नाही, फुगा वाढण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच (बाबांनी बंडल तुळशीमागे लपवलं होतं, सापडलं). बीपीची गोळी चुकवू नका. अजून एक, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातली अँटिबायोटिक्स शक्यतो टाळतात आणि लघवीच्या इन्फेक्शनला नेमकी तीच लिहून दिली जातात, त्यामुळे प्रत्येक डॉक्टरला आधीच सांगा.

ऑपरेशन दोन प्रकारचं. पोट उघडून कापडी नळी शिवतात, आठवडाभर हॉस्पिटल आणि पूर्ववत व्हायला दोन-तीन महिने. किंवा जांघेतून स्टेंट ग्राफ्ट, म्हणजे जाळीचा आधार असलेली कापडी नळी, सरकवतात, ईव्हीएआर म्हणतात त्याला, अर्जेंटिनात १९९० मध्ये पहिल्यांदा केलं, दोन-तीन दिवसांत घरी. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत पहिल्या ३० दिवसांत ईव्हीएआरचे १.७ टक्के तर उघड्या ऑपरेशनचे ४.७ टक्के पेशंट दगावले. ऐकून सगळे ईव्हीएआरच मागतात. पण पुढे काही वर्षांत हा फरक उरत नाही, ग्राफ्टच्या बाजूने रक्त झिरपू शकतं, त्यामुळे तपासण्या जन्मभराच्या. जो माणूस फॉलोअपला जाणारच नाही त्याच्यासाठी ते स्वस्तातलं नाही, हे माझं मत. सर्जनला विचारा, किडनीच्या खाली ग्राफ्ट धरायला पुरेशी जागा आहे का, स्कॅनच्या वेळी टोचतात तो डाय किडनीला झेपेल का, आणि ग्राफ्टची किंमत पॅकेजमध्ये धरलीय की वेगळी.

अचानक पोटात, पाठीत किंवा कुशीत जोरात दुखलं, घाम फुटला, चक्कर आली, तर मुतखडा असेल म्हणून घरी बसू नका. कॅज्युअल्टीच्या दारातच "ॲन्युरिझम आहे" असं ओरडून सांगा. रात्री सीटी आणि व्हॅस्क्युलर सर्जन (रक्तवाहिन्यांचे सर्जन) दोन्ही कुठे मिळतात ते आजच फोन करून विचारून ठेवा, आमच्या जवळच्या हॉस्पिटलात सर्जन फक्त मंगळवारी यायचे. पाकिटात "ॲन्युरिझम आहे" अशी चिठ्ठी ठेवा.

आणि हे घराण्यात चालतं, सख्ख्या भावंडांची, मुलांचीही सोनोग्राफी कधी करायची ते विचारा. काकांना पाठवलं तर कुरकुरत गेले, ३.४ निघाला. आता वहीत दोन रकाने आहेत.